मास्तरचा रामराम

माझ्या नातवाचं नाव ओंकार. हौसेनं ठेवलं होतं, मित्रांनी त्याचा ओम्या केला. मागच्या महिन्यात ह्या ओम्याच्या एका मित्राची सुपारी फुटली. ओम्यानं मोबाईलवर त्या पोराचा फोटो टाकला, फोटोला हार घातला, पुढं दिवा लावला आणि खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. पोरगा आठ दिवसांखाली आमच्या घरी जेवून गेलेला. मी विचारलं, "कधी गेला रे?" तर ओम्या आणि त्याची आई पोट धरून हसायला लागले. "आजोबा, गेला नाय, लग्न ठरलं त्याचं." बरं. मग कळलं की हल्ली हे असंच असतं. कोणाचा मोबाईल पाण्यात पडला की ओम शांती. कोणी लई बडबडायला लागला की जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचं, म्हणजे काय, तर बाबा आता तोंड मिट. माझ्या बापानं जन्मभर ज्या जोडलेल्या हातांची वाट बघितली, ते हात लोक आता एकमेकांना गप करायला वापरतात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला कोणी विचारत नाय. पण तिरडीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला श्रद्धांजली काय असती ते ओम्यानं शिकवू नये.

सून म्हणते, दुकानाचं लिहू नका, लोक काय म्हणतील. लोकांना जे म्हणायचं ते त्यांनी आमच्या दुकानासमोरून जाताना साठ वर्षांखालीच म्हणून घेतलं. लिहिणार.

दुकान उस्मानपुऱ्यातल्या एका बोळीच्या तोंडाशी होतं. आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे, काम बांबूचं. आबा म्हणजे माझा बाप टोपल्या विणत शहरात आला आणि तिरडीचं सामान विकायला लागला, कारण टोपलीवाचून माणसाचं अडत नाय, तिरडीवाचून अडतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही. माय मागं बसून सुपं आणि परड्या विणायची. गल्लीतल्या बायका लग्नासाठी सुपं न्यायला मागच्या दारी यायच्या, तिच्याशी हसायच्या, हळदीकुंकू लावून घ्यायच्या, आणि त्याच बायका पुढच्या दारावरून जाताना पदर तोंडावर घ्यायच्या. बांबू एकच. एकाच बेटातला. सकाळी मला जाग यायची ती कोयत्याच्या आवाजानं. आधी एक ठोका, मग बांबू उभा फाटत जायचा तसा लांब कोरडा आवाज, मग मायच्या हातातल्या पातींची सळसळ. ओल्या बांबूचा वास, बुक्क्याचा वास, आणि त्यातच चुलीवर येसराची आमटी उकळायची. दुसऱ्या पोरांना आईच्या पदराचा वास आठवतो. मला येसर आणि बुक्का एकदम आठवतो. मला त्यात काही वावगं वाटत नाय.

दुकानाचे नियम मायनं केलेले. ती त्यांची पहारेकरी होती. पुढच्या दारात कोणी आलं तर "या" म्हणायचं नाय. जाताना "पुन्हा या" तर मुळीच नाय. मयताच्या सामानाला आलेल्याला रामराम घालायचा नाय आणि त्याचा घ्यायचा नाय. गिऱ्हाईक उंबऱ्याशी येऊन उभं राहतं, त्याला काय पाहिजे ते विचारायचं नसतं, फक्त एवढंच विचारायचं, "उंची किती?" आणि सामान निघालं की नेणाऱ्यानं "येतो" न म्हणता, मागं न बघता निघायचं. सात वर्षांचा असताना मी एकदा लाडात येऊन एका बाप्याला "या ना काका" म्हटलं होतं. मायनं दिलेली ती थापड माझ्या कानात अजून वाजती. आबाची नजर मात्र अशी तयार झाली होती की उंची विचारायची ती नुसती रीत म्हणून. घरचे लोक दुःखात दोन-तीन इंच जास्त सांगतात. आबा ऐकून घ्यायचा आणि डोक्यातल्या मापानं बांबू तोडायचा.

आता गल्लीचं सांगतो. गल्लीला आमच्या धंद्याचा विटाळ होता, शब्दांचा नव्हता. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर पोरं दिवसभर आमचेच शब्द चघळायची. सायकल पंक्चर झाली की ती राम म्हणाली. परीक्षेत नापास झाला की त्याचं गोविंदा गोविंदा. पोलिसानं बडवलं की आरती झाली, प्रसाद मिळाला. हातभट्टीची प्यायली की तीर्थ घेतलं. भांडण जुंपलं की एक जण दुसऱ्याला म्हणायचा, "आबाकडं माप देऊन ये जा." हसायचे सगळे. तीच पोरं सकाळी दुकानासमोर आली की मान दुसऱ्या बाजूला. तिरडीवाल्याचं तोंड दिवसाच्या सुरवातीला बघू नये म्हणतात. मी म्हणतो, ज्याचं तोंड शेवटी बघायचंच आहे त्याच्याशी आधीपासून ओळख ठेवलेली बरी. पण हे शहाणपण मला आत्ता सुचतं.

आबाला सकाळी रामराम घालणारा अख्ख्या गल्लीत कोणी नव्हता. समोर मजीदचाचा होते, पण ते आमच्यातलेच. त्यांचं दुकान कफनाच्या कापडाचं, अत्तराचं आणि लोबानाचं. दोघं एकाच वेळी फळ्या काढायचे. चाचा म्हणायचे, "क्या आबा, आज बी बच गये क्या?" आबा म्हणायचा, "बचलो म्हणून तर फळी काढली, चाचा." हा आमच्या घरचा सकाळचा नमस्कार. चाचांच्या बाजूलाही हीच गत होती. त्यांच्या लोकांत कोणाचं दिवाळं वाजलं की पोरं म्हणायची, "उसका फातिहा पढ दो." फातिहा म्हणजे मयतासाठी म्हणायची दुआ. चाचा मला सांगायचे, "बेटा, जो लोगां फातिहा पे हसते ना, वो पढनेके वखत हमकू बुलाते."

आणि होते गुलाबराव मास्तर. गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. रोज बरोबर आठला शाळेला निघायचे, हातात छत्री, ऊन असो नसो. आवाज खणखणीत. घराघराशी थांबून, "रामराम वामनराव, रामराम शिंपीबुवा, रामराम वहिनी," असा रामराम वाटत यायचे. आमच्या दुकानापाशी आले की छत्री उघडायची आणि आमच्या बाजूला कलती व्हायची. दुकान ओलांडलं की छत्री मिटायची आणि पानवाल्याला रामराम. ह्याच मास्तरांनी मला चौथीत शिकवलं. शिकवलं म्हणजे, माझी पाटी ते कधी हातात घेत नव्हते, लांबून बघायचे. एकदा वर्गात कोणी पोरगं धडपडून पडलं, तर मास्तर म्हणाले, "उठ लवकर, नाहीतर नाम्याचा बाप माप घ्यायला येईल." अख्खा वर्ग हसला. मी पाटी उचलली आणि घरी आलो. पुन्हा गेलो नाय. आबानं विचारलं का, मी सांगितलं नाय. अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

पण मास्तरची आई वेगळी. काशीकाकू. लहान अंगाची, वाकलेली, सुपं घ्यायच्या निमित्तानं मागच्या दारी यायची आणि मायजवळ तासभर बसायची. चहा आमच्याच कपात प्यायची. उठताना म्हणायची, "पोरी, माझा बांबू सरळ बघून ठेव गं." माय तिला रागवायची. आबा आतून ऐकत असायचा.

मी पंधरा वर्षांचा असताना पारूआक्काला बघायला करमाडचे पाहुणे येणार होते. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. त्याआधी तीन स्थळं आली होती आणि तिन्ही पुढच्या दारातूनच माघारी फिरली होती. मायनं ह्या वेळी मधल्या माणसाला सांगितलं, आमचा बांबूचा व्यापार आहे. खोटं नव्हतं. पण पाहुण्यांना बसवणार कुठं, खोली तर दुकानाचीच. मायनं बांबू सगळे मजीदचाचांकडं पोचवले. मडकी भिंतीशी रचली आणि त्यांच्यावर स्वतःच्या लग्नातला शालू टाकला. गोवऱ्यांवर सतरंजी. कपाटाला पडदा. ती आबाला म्हणाली, "आजच्या दिवस दार लावून घ्या." आबा म्हणाला, "दार लागणार नाय. आपल्या दारात येणाऱ्याला दुसरं दार नसतं." दोघांत एवढ्यावर तोड निघाली की पडदे राहतील, पण दार उघडं राहील.

पाहुणे दहाला आले. मुलाचे वडील किसनराव, मुलाची आई आणि मुलगा. मुलगा कारखान्यात कामाला होता, खाली बघून बसला. मुलाची आई शालूला टेकून बसली, म्हणजे मडक्यांना. मायचा जीव वर गेला होता. बाई म्हणाली, "देवघरासारखा वास येतो हो तुमच्या घरात." माय म्हणाली, "व्हय, आमचे हे लई देवभक्त." आक्कानं सुशीला केली होती. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, वरून डाळ्याचं कूट आणि शेंगदाणे. तिनं बशा आणून ठेवल्या, नाव सांगितलं आणि आत गेली. मग कोणी काही बोलेना. आबाला माणसांशी बोलायची सवयच नव्हती. त्याच्यासमोर त्या खोलीत जे कोणी यायचं ते गप्पच असायचं. तो मुलाकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि तोंडातून निघून गेलं, "उंची किती?"

मायनं डोळे मिटले. किसनराव म्हणाले, "साडेपाच फूट भरंल. पोरीला शोभंल ना?" आबा म्हणाला, "पाच फूट साडेचार. पण चालंल." मुलगा पहिल्यांदा वर बघून हसला. मलाही वाटलं, आता जमलं.

तेवढ्यात उंबऱ्याशी गुलाबराव मास्तर उभे. छत्री नव्हती. डोक्यावर टोपी नव्हती. कामाची वेळ, गल्लीत बाप्या माणूस कोणी नसणार, म्हणून स्वतःच आलेले. आम्हाला सगळ्यांना एका नजरेत कळलं की काशीकाकू गेली. मास्तरांनी आत पाहुणे बघितले, पडदे बघितले. त्यांना वाटलं असावं, आज हा आपल्याला नाय म्हणेल. त्यांनी दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, आणि वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाले, "रामराम आबा. रामराम."

माझ्या जन्मात मास्तरांच्या तोंडून आमच्या दारात आलेला तो पहिला रामराम. आणि आला तो अशा दिवशी, ज्या दिवशी तो घालत नसतात. दुसरीतलं पोर सांगंल. आईचं प्रेत घरात ठेवून माणूस रामराम घालत नाय, आणि आमच्या दारात तर नायच नाय. माय आबाकडं डोळ्यांनी खुणावत होती, मागच्या दारी पाठवा, मागच्या दारी पाठवा. आबा उठला. हात त्यानं जोडले नाहीत, खाली सरळ सोडले. म्हणाला, "मास्तर, आजचा रामराम घेत नसतो मी. चौदाव्या दिवशी द्या. सकाळी मी इथंच असतो." आणि म्हणाला, "काकूंची उंची सांगू नका. मला ठाऊक आहे."

आणि त्यानं पडदा ओढला. शालू उचलला. मुलाची आई इतका वेळ ज्याला टेकली होती ती मडकी उघडी पडली. बाई सरकून बसली. मी धावत समोर गेलो, चाचांनी बांबू माझ्याआधीच उचलले होते. आबानं दोन बांबू निवडले, असे सरळ की मी त्या दुकानात पुन्हा तसे बघितले नाहीत. ते त्यानं कधीचे वेगळे काढून ठेवले होते हे मला त्या दिवशी कळलं. बांधायला चार हात लागतात. मी सुतळी सोडवत होतो, तर किसनराव उठले, बाह्या वर केल्या आणि बांबूचं टोक धरून बसले. गाठ कशी आणि कुठल्या बाजूला मारायची ते त्यांना येत होतं. काम झालं. मास्तर गेले होते ते माणसं गोळा करून आले, सामान गेलं. किसनरावांनी हात धुतले, बायकोला आणि मुलाला डोळ्यांनी खूण केली आणि तिघंही निघाले. "येतो" म्हटलं नाय. मागं वळून बघितलं नाय. बोळीच्या तोंडाशी वळले आणि दिसेनासे झाले.

माय बशांसमोर बसून रडली. "एक दिवस तोंड फिरवलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या मास्तरनं जन्मभर फिरवलं ते?" आबा म्हणाला, "मास्तरसाठी नाय उठलो." मग म्हणाला, "काकूनं आपल्या कपात चहा पिला होता." माय म्हणाली, "आणि पोरगी? ती बसू दे घरात सुपं विणत." आक्का आतून आली. ती बशा उचलत होती. तिनं मला हळूच विचारलं, "नाम्या, बाप बांबू धरायला उठला तेव्हा मुलगा काय करत होता?" मी म्हणालो, "सुशीला खात होता. बशी पुसून संपवली त्यानं." आक्का म्हणाली, "मग येतील." मला तेव्हा ती येडी वाटली. चार दिवस घरात भाकरी थापल्याच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता. माय गल्लीतल्या बायकांना सांगत होती, साधं येतो पण म्हटलं नाय हो, इतकी घाण वाटली आमची.

सहाव्या दिवशी मागच्या दारात किसनराव. एकटे. आल्या आल्या हात जोडून म्हणाले, "रामराम व्याही." मायच्या हातातलं सूप खाली पडलं. ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही न बोलता गेलात म्हणजे..." किसनराव म्हणाले, "अहो विहीणबाई, त्या दिवशी तुमच्या दारातून मयताचं सामान निघालं होतं. असल्या दारातून येतो म्हणून निघत असतात व्हय? हे मी तुम्हाला सांगायचं?" मला थापड मारून तो नियम शिकवणारी माझी माय. दुसऱ्यांच्या घराला लावता लावता स्वतःच्या घराला लावायचा विसरून गेली. तिनं तोंडावर पदर घेतला, हसायला की रडायला ते दिसलं नाय. आबा आतून एवढंच म्हणाला, "मागच्या दारानं कशाला आलात, पुढून यायचं की." किसनराव म्हणाले, "पुढून यायची घाई नाय मला." आबा मोठ्यानं हसला. त्याला असं हसताना मी फार वेळा बघितलं नाय.

हे लग्नाचं झालं. पण चौदावा दिवस राहिला होता.

त्या दिवशी आबानं दाढी केली. धुतलेलं धोतर नेसला. पावणेआठलाच स्टुलावर येऊन बसला, कोयता हातात न घेता. मी तो तसा रिकामा बसलेला कधी बघितला नव्हता. समोर मजीदचाचांनीही आपलं स्टूल बाहेर ओढलं. आठला मास्तरांचा आवाज आला. रामराम वामनराव. रामराम शिंपीबुवा. रामराम वहिनी. आबानं हात गुडघ्यावरून उचलले, जोडायच्या बेतात. आणि छत्री उघडली. आमच्या बाजूला कलती झाली, दुकानावरून सरकत गेली, पानटपरीपाशी मिटली. "रामराम पानवाले."

चाचा म्हणाले, "आबा, उसका रामराम छतरीमेंच रह गया." आबानं हात परत गुडघ्यावर ठेवले. म्हणाला, "ऱ्हाऊ दे." आणि कोयता घेतला. पण त्याच्या ठोक्याचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा लागत नव्हता. माझं डोकं सटकलं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि मास्तरांच्या पाठीला, त्यांच्याच खणखणीत आवाजात म्हणालो, "रामराम मास्तर." ते चमकले, भराभर चालायला लागले. दुसऱ्या दिवशी छत्री उघडली तशी मी परत, "रामराम मास्तर." तिसऱ्या दिवशी परत. आबा म्हणाला, पुरे. मी म्हणालो, नाय. ते रिटायर होईपर्यंत एक दिवस चुकवला नाय. ताप असला तरी उंबऱ्यापर्यंत यायचो. काही म्हणतात हा हट्ट. असू दे. माझ्याकडं दुसरं काय होतं, पाटी तर त्यांच्या शाळेत चालली नाय.

चाचांनी ही गोष्ट पानटपरीवर चार जणांना सांगितली, चारांनी चाळीस. मग कोणी कामापुरतं गोड बोलायला आलं की लोक म्हणायला लागले, "हा मास्तरचा रामराम दिसतोय." निवडणुकीला उभा राहिलेला दारात आला की मास्तरचा रामराम. जावई सासऱ्याचे पाय चेपायला लागला की मास्तरचा रामराम. गल्लीतून तो शब्द टपऱ्यांवर गेला, रिक्षा स्टँडवर गेला. परवा मी ओम्याला जरा प्रेमानं हाक मारली, मला मोबाईलचा आवाज मोठा करून पाहिजे होता. तर तो न बघता म्हणतो, "आजोबा, मास्तरचा रामराम नको, काम सांगा." मी विचारलं, "कोण रे हा मास्तर?" म्हणाला, "काय माहीत, म्हणतात तसं." आधी राग आला. मग बरं वाटलं. ज्यानं माझ्या बापाला एक शब्द दिला नाय, त्याचा शब्द गावानं काढून घेतला आणि फुकट वाटला.

मास्तर गेले तेव्हा आबा नव्हता. दुकान मी चालवत होतो. त्यांचा मुलगा आला, उंबऱ्याशी उभा राहिला, रामराम घातला नाय. तेवढं त्याला कोणीतरी शिकवलं होतं. मी रीतीप्रमाणं विचारलं, "उंची किती?" तो म्हणाला, "पाच फूट आठ." मी मान हलवली आणि पाच फूट तीनच्या मापानं बांबू तोडला. बरोबर बसला. बाकीची सगळी छत्रीच होती.